नाल ठोकण्याआधी

विषय दिलाय ‘घोड्याला नाल कसा ठोकतात’. पण ठोकणं हा कामातला शेवटचा भाग. पाऊण काम त्याआधीच झालेलं असतं.

माथेरानचं घ्या. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं पायी, मिनी ट्रेननं नाहीतर घोड्यावर. वाट जांभ्याची, चढ-उताराची. रेसच्या घोड्याला अॅल्युमिनियमचा हलका नाल चालतो, इथं लोखंडच लागतं.

घोडा आला की मी आधी म्हणतो, “जरा चालवून दाखवा.” मालक वैतागतो, “मामा, गिऱ्हाईक खोळंबलंय!” खोळंबू दे. पाऊल सपाट पडतं की एक कड आधी टेकते? पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मग जुना नाल काढून बघायचा. कुठली कड जास्त झिजली, त्यावरून चाल कळते.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणून 4 ते 6 आठवड्यांनी नाल काढायचा, खूर तासायचा, कानस मारायची. यावर भांडण ठरलेलं: “नाल अजून चांगलाय की!” नाल चांगला असेल हो, पण खालचा खूर पुढं लांबलाय आणि मागच्या शिरा ताणल्या जातायत, त्याचं काय?

आता खिळा. पाय उचलून तळवा बघा. खुराची भिंत आणि तळवा यांच्यामध्ये फिकट रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरच गेला पाहिजे, आत जिवंत मांस असतं. त्याचं टोक एका अंगानं तासलेलं असतं, त्यामुळं तो बाहेरच्या बाजूला वळत भिंतीतून वर निघतो. टणक जागेत हातोडीखाली आवाज खणखणीत येतो. बद्द आला की थांबायचं.

मी एकदा थांबलो नव्हतो. घोड्यानं पाय झटकला, मला वाटलं खोडी करतोय. दुसऱ्या दिवशी लंगडत आला, खूर तापलेला. नाल उतरवला, डॉक्टरांना बोलावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं; घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. ऐन हंगामात मालकाचे आठ दिवस बुडाले. तो एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

बैलाचं वेगळं. त्याला आडवा पाडून पाय बांधतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. घोडा मात्र उभाच असतो, पाय आपल्या मांडीवर. तुमचा हात घाबरला तर त्याला आधी कळतं.

काळ्या घोड्याचा नाल मागायला लोक येतात, शनीच्या अंगठीसाठी. ढिगातला देतो. रंग मी विचारत नाही, तेही विचारत नाहीत.

पावसाळ्यात नालापेक्षा तबेल्याकडं बघा. ओल्या शेणात उभा राहिला की तळव्याच्या मधला मऊ भाग काळा पडून कुजतो. रोज पाय उचलून साफ करा आणि नाक जवळ न्या. वास तबेल्यात शिरतानाच आला, तर उशीर झालाय.