पोरींनो, पाळीच्या तारखा लिहून ठेवा

नमस्कार मंडळी. आजचा विषय कळला की काही घरांत रेडिओचा आवाज बारीक केला जाईल, तसं करू नका, आणि बाबांनी, दादांनीपण ऐका, कारण मुलीला दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा गाडी आणि पैसे बऱ्याचदा तुमच्याच हातात असतात. विषय आहे वयात आलेल्या मुलींची मागेपुढे होणारी पाळी.

ओपीडीत आई मुलीला घेऊन येते आणि बसायच्या आधीच सांगते, मॅडम, हिची पाळी रेग्युलर नाहीये. मी विचारते शेवटची कधी आली, त्याच्या आधीची कधी, की दोघी एकमेकींकडे बघतात. मग उत्तर येतं, गणपतीच्या आसपास आली होती बहुतेक. आता यावरून मी काय सांगणार हो? म्हणून आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तारखा लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर छोटी खूण करा, वहीच्या मागच्या पानावर लिहा, मोबाईलमध्ये ठेवा, कुठेही चालेल, आणि हे काम आईनं नाही, मुलीनं स्वतः करायचं.

मोजायचं कसं तेही नीट ऐका. रक्त जायला लागलं तो पहिला दिवस, तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपल्यापासून मोजायचं नाही, खूप जणींचं इथेच चुकतं. समजा एखादी मुलगी म्हणाली मला महिन्यातून दोनदा येते, आणि तारखा निघाल्या २ जुलै आणि २९ जुलै, तर मधलं अंतर झालं २७ दिवस. ही पाळी एकदम व्यवस्थित आहे, उगाच घाबरायचं काही कारण नाही.

आयांना वाटतं माझी २८ दिवसांनी येते तर हिचीपण तशीच यायला पाहिजे. तसं नसतं. पहिली पाळी साधारण १२-१३ व्या वर्षी येते आणि पुढची दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांमध्ये कधीही आली तरी ते नॉर्मल धरतात. कारण असं की मेंदूतून बीजांडकोषाला जो हार्मोनचा निरोप जातो ना, ती सगळी यंत्रणा अजून बसायची असते, त्यामुळे दर महिन्याला बीज तयार होऊन बाहेर पडेलच असं नसतं. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर सांभाळणारं हार्मोन, तयार होत नाही, मग गर्भाशयातलं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि एकदम पडतं, म्हणून दोन महिने काहीच नाही आणि मग आठ-दहा दिवस धो धो, असं होतं. आत घाण रक्त साचतं, ते डोक्यात चढतं वगैरे जे सांगतात ते डोक्यातून काढून टाका, असलं काही साचत नाही.

पण म्हणून, होईल गं आपोआप, असं म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पाळी सुरू झालेली असताना मधे ९० दिवसांच्या वर गॅप गेली, एकदाच गेली तरी, डॉक्टरकडे जा. २१ दिवसांच्या आत परत परत येत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, पॅड तासा-दोन तासाला भिजत असेल तर जा. वयाची १५ वर्षं झाली आणि अजून पाळीच नाही तरी जा. आणि पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जातंय, शिवाय नाकातून घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, असं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण काही मुलींना रक्त नीट न गोठण्याचा आजार असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच लक्षात येतो.

आता पीसीओडी, म्हणजे हार्मोनचं गणित बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास. हा शब्द हल्ली इतका झालाय की पाळी दोन महिने लांबली की शेजारच्या काकूपण निदान करतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बीजांडकोषात बारीक बारीक फुगे दिसतात असं लिहिलेलं असतं आणि घरात रडारड सुरू होते, हिला मूल होणार नाही म्हणून. अहो, या वयात असे फुगे कितीतरी निरोगी मुलींना दिसतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत हे निदान करायला सोनोग्राफी वापरू नये. त्यापेक्षा अंगाकडे बघा. हनुवटीवर, ओठावर जाड केस येतायत का, पिंपल्स हटता हटत नाहीत का, वजन भराभर वाढतंय का. आणि मान बघा. मानेवर मागच्या बाजूला काळी, जाडसर पट्टी असते, आई बेसन लावते, लिंबू चोळते, आंघोळ नीट करत नाहीस म्हणून पोरीला ओरडते, आणि ती पट्टी घासून जातच नाही, कारण तो मळ नाहीये, शरीरात इन्सुलिनचं, म्हणजे साखर ताब्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं, काम बिघडल्याची ती खूण असू शकते. तिला ओरडू नका, दाखवून घ्या. थायरॉइडपण तपासतात, त्यानंही पाळी बिघडते. आणि उलट बाजूपण आहे, जेवण एकदम कमी केलेल्या मुली, नाहीतर कुस्ती-ॲथलेटिक्ससाठी वजन उतरवणाऱ्या मुली, त्यांची पाळी बंद होते आणि कोचपासून सगळे म्हणतात खेळाडूंचं असंच असतं. असंच नसतं, त्यात हाडं कमकुवत होतात.

गोळ्यांबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण आहे, ताईचं लग्न आहे, की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला देतात, डॉक्टरला न विचारता. ती हार्मोनची गोळी आहे, सगळ्यांना चालत नाही, लिव्हरचा नाहीतर रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल तर धोक्याची आहे. माझं स्पष्ट मत आहे, पूजेसाठी लेकीच्या शरीराचं घड्याळ फिरवू नका, तिला तशीच बसू द्या पूजेला. आणि याच्या उलट, डॉक्टरांनी तपासून हार्मोनच्या गोळ्या दिल्या की घरचे म्हणतात, ही तर गर्भनिरोधक गोळी, लग्नाआधी कशी द्यायची? ती पाळी आणि रक्तस्राव ताब्यात ठेवायला देतात, मधेच बंद करू नका. लग्न झालं की होईल सगळं नीट, हेपण बोलू नका, लग्नानं थायरॉइड बरा होत नाही.

मुली दवाखान्यात यायला का घाबरतात माहितीये? आतून तपासतील म्हणून. या वयात साधारण आतून तपासणी लागत नाही, सोनोग्राफी पोटावरून होते, फक्त पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. डॉक्टर थोडा वेळ आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलतील, तर आयांनी वाईट वाटून घेऊ नका, ते गरजेचं असतं. आणि पोरींनो, कुणी तुमच्याशी वाईट वागलंय आणि त्यानंतर पाळी चुकलीये, असं असेल तर त्यात तुमची काही चूक नाही, डॉक्टरना सांगा, नाहीतर १०९८ ला फोन करा, पैसे पडत नाहीत.

सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठल्या दिवशी असतं. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्त कमी निघालंय, आणि त्यात पाळीला जास्त जात असेल तर पोरगी जिना चढूनच दमते. शाळेत, अंगणवाडीत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती लोहाची आहे, दप्तरात टाकून ठेवू नका, जेवण झाल्यावर घ्या, लगेच वर चहा पिऊ नका, आणि शौचाला काळी झाली तर घाबरू नका, ती गोळीमुळेच होते. नमस्कार.