जाड कागद म्हणजे चांगला कागद?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘घरच्या इंकजेट प्रिंटरसाठी कागद निवडणे आणि लावणे’. लावण्याकडे येतोच, पण निवडीबद्दल मनात बरंच साठलंय, ते आधी बोलू द्या. फोटो फिका आला, अक्षरांच्या कडा पसरल्या, की आपण प्रिंटरला नावं ठेवतो आणि हेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग, साफ करायला घेतो. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. त्या प्रत्येक साफसफाईत शाई खर्च होते, आतल्या स्पंजमध्ये जाऊन बसते. मग तक्रार येते, “आमचा प्रिंटर फार शाई पितो.” अहो, तुम्हीच पाजलीत! आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्या कागदाकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

कागद घेताना एकच प्रश्न विचारला जातो: किती जीएसएम? म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. यात एक गंमत आहे. ए-झिरो कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर असतं आणि ए-फोर हा त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रीम अडीच किलोची. १९२२ साली जर्मनीत हे प्रमाण ठरलं. मधोमध दुमडला तरी कागदाचा आकार त्याच प्रमाणात राहतो. मला हे फार सुंदर वाटतं.

पण वजनावरून शाईचं काय होणार ते कळत नाही, आणि माझं भांडण इथेच आहे. इंकजेटच्या शाईत बहुतांश पाणी असतं. साध्या कागदावर थेंब पडला की पाणी तंतूंच्या वाटेने पळतं आणि शाई फुटते. इंकजेटसाठी बनवलेल्या कागदावर लेप असतो, बऱ्याचदा सिलिकाच्या बारीक कणांचा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत थेंब पडल्या जागी मुरतो. म्हणून लेप असलेला १२० जीएसएमचा मॅट कागद, बिनलेपाच्या ३०० जीएसएम कार्डापेक्षा फोटो चांगला देतो. लेसरसाठीचा चकचकीत कागद तर इंकजेटमध्ये घालूच नका. शाईला मुरायला जागा नसते, बोट लागलं की रंग पुसतो. उलट, इंकजेटचा ग्लॉसी कागद लेसर प्रिंटरमध्ये गेला तर तिथल्या उष्णतेने लेप वितळून रोलरला चिकटू शकतो. पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलंय का, एवढं आधी वाचा. जीएसएम नंतर.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कागद लावण्याचं आता भराभर सांगतो.

कागद बदललात की छापताना ‘पेपर टाइप’ही बदला. शाई किती सोडायची आणि हेड किती वेळा फिरवायचं, हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. साध्या कागदाला ‘फोटो ग्लॉसी’ सांगितलंत तर तो भिजून लाटांसारखा उठतो आणि हेडला घासतो. फोटो पेपरला ‘प्लेन’ सांगितलंत तर रंग मरतात. मापही बघा: लेटर कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोर २१० बाय २९७. हे चुकलं की मजकूर कडेला कापला जातो.

लेपाची बाजू ओळखायला कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावा, लेप चिकटतो. मागून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये ही बाजू सहसा आपल्याकडे असते, पुढच्या ट्रेमध्ये सहसा खाली. तरी ट्रेवरचं चित्र पाहून घ्या. जाड कागद शक्यतो मागून घाला, कारण पुढच्या ट्रेतून जाताना त्याला पूर्ण वळण घ्यावं लागतं. गठ्ठा फडफडवून सुटा करा. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकल्या पाहिजेत, दाबल्या तर कागद तिरका जातो. फोटो पेपर थोडेच लावा. उरलेले पाकिटात बंद करून आडवे ठेवा, दमट हवेत कागद वळतो.

आणि छापलेला फोटो लगेच काचेखाली बसवू नका. दिवसभर मोकळ्या हवेत ठेवा, नाहीतर शाईतली वाफ आत कोंडून काचेवर धुरकट थर धरते.