ताईंची पिशवी

ही दिंडोरीकडची द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी झालीये, कोवळी फूट दिसतेय बघा. बागवाल्या दादांच्या पाठीवर सात-आठ वर्षांपूर्वी चट्टे उठले, खाज खाज, लोक म्हणाले फवारणीची ॲलर्जी, मग नायटा, मग सोरायसिस. शेवटी बायोप्सी केली तेव्हा कळलं, मायकोसिस फंगॉइड्स. नावावरून बुरशी वाटते पण बुरशी नाहीच, त्वचेचा लिम्फोमा आहे, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बहुतेकांना मलमं आणि लाईट थेरपीवर वर्षानुवर्षं निभावतं. दादांचा आजार मात्र वाढत गेला, म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, चढवायचं ठरलं.

आता ही मुंबईतली खुर्ची. त्यात बसल्यात दादांच्या थोरल्या बहीण, सिन्नरच्या. लोकांना वाटतं स्टेम सेल द्यायच्या म्हणजे मणक्यात सुई खुपसणार! अहो नाही. चार-पाच दिवस रोज इंजेक्शन, त्याने बोन मॅरोतल्या पेशी रक्तात उतरतात, अंग ठणकतं, ताई म्हणाल्या कांदे लावून कंबर धरते तेवढंच. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, मशीन ते फिरवून स्टेम सेल वेगळ्या काढतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास. तेवढ्यात ताईंनी दोन डुलक्या काढल्या, एक आमच्या कॅमेऱ्यात आहे.

आणि ही पिशवी. गेरू कालवल्यासारखा रंग, एवढीशीच. दादांना ती रक्त चढवतात तशी चढवली, ऑपरेशन वगैरे काही नाही. आधी केमो देऊन जागा करून ठेवलेली, पण खरं काम ताईंच्या पेशींचं, उरलेला कॅन्सर त्या परका म्हणून ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. स्वतःच्याच पेशी परत दिल्या तर हे होत नाही, म्हणून दाता लागतो. 2023 मध्ये छापून आलेल्या फ्रान्सच्या, असाच वाढलेला आजार असलेल्यांच्या अभ्यासात आजार परत वाढेपर्यंतचा काळ दाता मिळालेल्यांत साधारण 9 महिने निघाला, न मिळालेल्यांत 3. कधीकधी नव्या पेशी चांगल्या कातडीवर, लिव्हरवर, आतड्यांवरही उठतात, जीवावरही बेततं, दादांच्या त्यासाठी गोळ्या चालू आहेत.

दाता जुळायचा म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा जुळायच्या. सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता 25 टक्के. ताई जुळल्या. ज्यांचं कोणीच जुळत नाही त्यांना रजिस्ट्रीत, म्हणजे नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीत, शोधावं लागतं, आणि आपल्याशी जुळणारा बहुतेक आपल्याच लोकांत सापडतो, म्हणून हा गंगापूर रोडवरच्या कॉलेजातला कॅम्प. फॉर्म भरा, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवा, झालं. रांगेतली ही पिवळ्या ओढणीवाली विचारत होती उपाशीपोटी यायचं का. छे, मिसळ खाऊन आलीस तरी चालेल, फक्त चूळ भर आणि अर्धा तास थांब.