घागरीखालची ढेकळं

(मंडळाच्या आखाजी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

राम राम मंडळी.

कार्यकारिणीने विषय दिला, 'अनिश्चित काळात देवावरचा भरवसा'. मी कीर्तनकार नाही. पण अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्या फेऱ्यात मागच्या वर्षी मीही सापडलो होतो. म्हणूनच मला उभं केलं असावं.

त्या दिवसांत मला सारखी आमच्या घरची आखाजीची घागर आठवायची. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं. अक्षय तृतीयेला पितरांसाठी घागर भरायची, वर डांगर ठेवायचं. (पुणेकरांनी पापडाचं डांगर समजू नये, आमचं डांगर म्हणजे खरबूज.) घागरीखाली मातीची चार ढेकळं. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. पाझरलेल्या पाण्याने जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस.

एका वर्षी दुपारी पाहिलं तर आषाढाचं ढेकूळ कोरडं ठणठणीत. मी तांब्या घेतला आणि चारही ढेकळांवर ओतला. मायने पाठीत धपाटा घातला. आबा मात्र हसत सुटले. म्हणाले, "तू ढेकूळ भिजवशील, आभाय कसं भिजवशील?"

आणि त्याच आबांनी पुढे कापसाची धूळपेरणी केली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस पडायच्या आधी, तापलेल्या कोरड्या मातीत बी टाकायचं. वेळेवर पाऊस आला तर पीक पुढे निघतं. नाही आला, किंवा नुसता शिंतोडा देऊन गेला, तर बी वाया आणि दुबार पेरणी डोक्यावर. आबा बी टाकताना हात जोडायचे, पण सगळं बी कधीच टाकायचे नाहीत. एक पिशवी घरात, कोठीमागे ठेवलेली असायची. देवावर विश्वास असेल तर पिशवी कशाला, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता त्यांना.

आमच्याकडे रक्षणाचा अर्थच जरा निराळा आहे. तापीकाठच्या मेहूणला मुक्ताबाई 1297 साली कडाडत्या विजेत लुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. ज्यांना वीज घेऊन गेली, त्यांच्याच पायाशी खान्देशातला माणूस ऐन पेरणीच्या तोंडावर डोकं टेकवतो, त्यांच्या पालखीमागे पंढरपूरपर्यंत चालतो. वीज पडणारच नाही अशी हमी तो मागत नाही. काय मागतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आता देवाच्या न्यायाबद्दल. कापूस घ्यायला येणारा एक व्यापारी काटा मारायचा. आबांनी शेजाऱ्याचा काटा आणून गाठोडी घरी मोजली, तर क्विंटलमागे दोन किलोचा फरक. भांडण झालं, उपयोग झाला नाही. मी तेव्हा दहावीत. म्हटलं, आपण कापसावर पाणी मारू, दोन किलो तिथेच वसूल. पुष्कळ जण मारायचे. माझ्या हातात पुन्हा तांब्या! माय एवढंच म्हणाली, "देव देखी राहिना."

मला वाटलं, देव बघतोय हे तिने व्यापाऱ्याला उद्देशून म्हटलं. मग मी बरीच वर्षं देवावर चिडून होतो, कारण त्या माणसाचं काहीही वाईट झालं नाही. त्याने तीन मजले चढवले. फार उशिरा कळलं, मायचं बोलणं व्यापाऱ्याबद्दल नव्हतंच. तांब्या माझ्या हातात होता.

मला 53व्या दिवशी नोकरी मिळाली. देवाने दिली, असं म्हणायला मी कचरतो. माझ्याबरोबर काढलेला एक जण माझ्याहून हुशार, माझ्याहून देवभोळा. त्याला मिळाली नाही. मुलीची शाळा अर्ध्यात सोडून ते कुटुंब परत गेलं. त्याच्या देवाने त्याला सोडलं आणि माझ्याने धरलं, हा हिशोब मला मांडता येत नाही, आणि कुणी मांडला तर मला आवडतही नाही.

नोकरी गेली हे मायला सांगितलं तेव्हा विसावा दिवस उलटला होता. मला वाटलं रडेल, नवस बोलेल. नवस बोललीच, ते सोडा. पण त्याआधी तिने विचारलं, "बी ठेयेल शे ना रे भाऊ?"

क्षणभर कळलंच नाही. मग म्हटलं, हो माय, ठेवलंय. चार महिन्यांचं.