तेरडा डोक्याच्या वर

स्क्रीनभर हे गुलाबी जे दिसतंय ना, तो तेरडा आहे. म्हणजे जात वेगळी, पण खानदान आपल्याच तेरड्याचं, इम्पेशन्स. आपल्याकडं अंजनेरीच्या पठारावर भाद्रपदात गुडघ्याला लागतो, आणि इथं मी पाच फूट दोन इंच, माझी टोपीसुद्धा दिसत नाहीये बघा. कॅमेरा दगडावर टेकवून आत शिरले आणि मग बाहेर यायची वाटच सापडेना, शॉट एवढा लांबलाय तो त्यामुळं, कलाकारी वगैरे काही नाही.

फुलों की घाटी. उत्तराखंड, चमोली जिल्हा, ऑगस्टचा पहिला आठवडा. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. जूनमध्ये बर्फ हटतं, ऑक्टोबर संपला की घाटी बंद, मधल्या चार-पाच महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं उरकायचं. म्हणून एकदम सगळे फुलतात, नटायची हौस नाही ती, घाई आहे.

नाशिकरोडला मंगला एक्स्प्रेस पकडली, दिल्लीचं निजामुद्दीन, हरिद्वार, मग जोशीमठपर्यंत बस, तो प्रवास मी शूट केला नाही कारण अर्धा वेळ खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते, का ते समजून घ्या.

ही खेचरं पुलना ते घांघरिया वाटेवरची, घांघरिया म्हणजे घाटीच्या आधीचं मुक्कामाचं गाव. गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, एकावर तर चक्क प्लास्टिकच्या खुर्च्या. खेचरांचं चाळीस मिनिटांचं फुटेज आहे माझ्याकडं, तुम्हाला दहा सेकंद दाखवते. घांघरिया ३,०४९ मीटरवर. आपल्या जिल्ह्यातलं साल्हेर १,५६७, म्हणजे साल्हेरवर अजून एक साल्हेर ठेवायचं जवळपास, तेव्हा कुठं घांघरियाचा पहिला चहा.

इथून पुढं वाट फुटते. एक हेमकुंड साहिब गुरुद्वाराला, तिकडं खेचरं जातात. दुसरी घाटीत, तिकडं खेचर नाही, ड्रोन नाही, मुक्काम नाही. चौकीवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं आणि पाचच्या आत बाहेर. चौकीवरच्या दादांनी विचारलं, "अकेली?" निघताना घरी आईनं विचारलं होतं, "सोबत कोण आहे?" प्रश्न तोच, फक्त यांनी तो पेनानं रजिस्टरात लिहून घेतला.

पुष्पावती नदीचा पूल, मग भूर्जाची झाडं, साल कागदासारखी सुटते ती. चढ संपला की घाटी उघडते. इथं मी बोलत नाही, बघा.

(वीस सेकंद फक्त पाण्याचा आवाज)

आता हे निळं, पातळ पाकळ्यांचं, अंगावर काटे असलेलं, ही ब्लू पॉपी. पाकळीवर पाण्याचा थेंब आहे आणि थेंबातून पाकळीच्या शिरा मोठ्या दिसतायत, फोकस लागायला सहा मिनिटं लागली, तोपर्यंत गुडघ्याखालची पँट ओली. लाल आहे ती पोटेंटिला. आणि हा फणा काढलेला, ओळखा? सापकांदा. याचे भाऊबंद सह्याद्रीत पहिल्या पावसात येतात.

या घाटीचा "शोध" १९३१ साली लागला असं सगळीकडं वाचाल. फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक आणि त्याचे सोबती ७,७५६ मीटरचं कामेट शिखर चढून परत येत होते, भ्यूंडारची खिंड ओलांडून पावसात, धुक्यात इथं उतरले आणि फुलं बघून येडे झाले. १९३७ ला तो परत आला, मग त्यानं पुस्तक लिहिलं, आणि जग यायला लागलं. ठीक आहे. पण खाली भ्यूंडार गाव होतंच की, तिथली माणसं दर उन्हाळ्यात इथं मेंढरं आणायची. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही एवढंच. असो.

ही कबर जोन मार्गारेट लेगची. वनस्पतींची जाणकार बाई, वय ५४, ४ जुलै १९३९ ला फुलं गोळा करताना पाय घसरून गेली. कुणीतरी कबरीवर तेरडा ठेवलाय, मी नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ केला ते. हे तिघं वाकून काय करतायत? निंदणी. अक्षरशः निंदणी, आमच्या निफाडकडं कांद्याच्या वाफ्यात बायका करतात तीच, फक्त पायाखाली ढग. उपटतायत ते पॉलीगोनम, इथले लोक अमेला म्हणतात. पांढऱ्या फुलांचा, दिसायला गोड, कांड्याला पेरं. दादा बुडाशी धरतात, हलवतात, मग ओढतात, आणि हातात आलेली मुळी आधी बघतात, तुटली का अख्खी आली. तुटली तर बोटानं उकरून उरलेली काढतात. राहिली की परत फुटतो, आपल्या हराळीसारखा. हा उंच होतो, दाट होतो, खालच्या बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही. १९८२ ला नॅशनल पार्क झालं, चराई बंद झाली. जुने लोक म्हणतात मेंढरं होती तेव्हा तुडवून, खाऊन हा आटोक्यात होता, अभ्यासकांत यावर एकमत नाही, पण म्हातारी माणसं काही उगाच बोलत नसतात असं माझं मत. तेव्हा माणूस बाहेर काढला की झालं, असं नाहीये. गाडी नको, गर्दी नको, पण वाकणारा माणूस लागतो. मेंढपाळ मला एकही भेटला नाही, त्यामुळं त्यांचं फुटेज नाही.

मेंढरं गेली आणि त्यांच्यासोबत गावकऱ्यांचा चराईचा हक्कही गेला.

दुसऱ्या दिवशीच्या हेमकुंडचंही फुटेज नाही, पावसात कॅमेरा गेला. तिथं खरं ब्रह्मकमळ बघितलं. आपण कुंडीत लावून रात्री बाराला शेजाऱ्यांना उठवून दाखवतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, राग मानू नका.

शेवटचा शॉट घाटीचा नाही. अंजनेरी, सप्टेंबर, नाशिकपासून गाडीनं तासाभराच्या आत. २००६ साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदलेलं कंदीलपुष्प याच डोंगराच्या नावानं आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. डोंगरावर रस्ता न्यायचं घाटत होतं, विरोध झाला, मग ब्रह्मगिरीपर्यंत रोपवेचं आलं. समोर दिसतोय तो तेरडा, गुडघ्याएवढा. मधून जी दोन चाकांची ओळ गेलीय ना, ती बाईकची आहे. बाईक वर कशी आणली ते मला पण कळलं नाही, पण मागं बसलेला मुलगा चालत्या बाईकवरून हात खाली सोडून फुलं ओरबाडत होता, तेवढं मात्र नीट शूट झालंय.