गाण्याला प्रमाण काय?

(दृश्य: शनिवारची संध्याकाळ. सोलापूर, सात रस्ता परिसरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, सभागृह. खुर्च्या अजून भिंतीशी रचलेल्या.)

उद्याच्या भक्तीसाठी पाच गाणी काढली आहेत. ढोलक आणून ठेवलाय, कीबोर्डची वायर लावून झाली आहे, पण वाद्याला अजून कोणी हात लावलेला नाही. सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात गाण्यांचे कागद आहेत. डाव्या बाजूला गाण्याच्या ओळी, उजवी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूला ओळीसमोर दोन गोष्टी लिहायच्या: हे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठं आलंय, आणि तिथं ते कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतंय.

पहिल्याचं उत्तर मोबाइलवर मिनिटभरात सापडतं. दुसऱ्यासाठी अख्खा अध्याय वाचावा लागतो, कधी मागचा-पुढचाही. सगळा वेळ जातो तो इथं, आणि तो जायलाच हवा.

(दृश्य: पंढरपूर, वाळवंटातलं कीर्तन.)

पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो, चरण चरण उलगडत जातो आणि आपण बोलतो त्याला संतवचनाचं प्रमाण देतो. गळा कितीही गोड असो, प्रमाण सुटलं की जाणत्या श्रोत्याला ते लगेच कळतं. मराठी ख्रिस्ती माणूस या परंपरेच्या बाहेरचा नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचे अभंग आणि पदं आजही सोलापुरातल्या उपासनेत म्हटली जातात. तेव्हा गाण्याला प्रमाण मागणं ही काही बाहेरून आणलेली खोड नव्हे.

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा आवाज. एका घरात मोबाइलवर तेलुगू गाणं.)

पूर्वी गाणं मंडळीपर्यंत यायचं ते छापील पुस्तकातून. 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक हातात पडायच्या आधी कोणीतरी त्यातली गाणी निवडलेली असत, वाचलेली असत. आता गाणं येतं ते थेट फोनवर. ऑस्ट्रेलियातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या चर्चचं गाणं आधी हिंदीत उतरतं, मग मराठीत. सोलापूरची गोष्ट आणखी वेगळी. इथं पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते, विजापूरच्या बाजूनं कन्नड येते; त्यामुळे एकाच मंडळीत चार भाषांची गाणी येऊन बसतात. ही श्रीमंती आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण निवडीचं जे काम पुस्तक काढणारे लोक करत होते, ते आता या सतरंजीवरच्या लोकांवर आलंय, आणि बऱ्याच ठिकाणी ते कोणावरच आलेलं नाही. चाल आवडली, शनिवारी बसवलं, रविवारी गायलं.

त्यानं काय बिघडतं? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात एरियस नावाचा चर्चचा एक वडील, म्हणजे धर्मसेवक, होता. पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यासारखा अनादी नाही, त्याला निर्माण केलं गेलं, अशी त्याची शिकवण. ती पसरवायला त्यानं पद्यरचना केली. खलाशी, जात्यावर दळणारे, वाटसरू यांच्यासाठी त्यानं गाणी रचली, अशी जुनी नोंद आहे. इ. स. 325 मध्ये निकिया इथं धर्मसभा भरली आणि त्याची शिकवण नाकारली गेली. तरी तो वाद पुढं अनेक दशकं धुमसत राहिला. जे माणूस काम करता करता गुणगुणतो, ते ठरावानं पुसलं जात नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यालाही हे ठाऊक होतं. कलस्सैकरांस, म्हणजे कलस्सै इथल्या मंडळीला, पत्र लिहिताना तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात तो एकमेकांना शिकवण्याबद्दल आणि बोध करण्याबद्दल बोलतो, आणि त्याच वाक्यात गाण्यांबद्दल बोलतो. म्हणजे गाणारा शिकवतोय. मग व्यासपीठावरच्या उपदेशाला जी कसोटी, तीच गाण्याला का नको?

(दृश्य: जवळून, एक कागद. पेन्सिलनं अधोरेखित केलेली ओळ.)

पहिलं गाणं. त्यात अशा अर्थाची ओळ आहे की आम्ही स्तुती करतो आणि आमच्या स्तुतीनं तू खाली उतरतोस. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलानं समोर लगेच लिहिलं: स्तोत्र 22, वचन 3. देव इस्राएलाच्या स्तवनांत वास करतो, असं तिथं आहेच. संदर्भ सापडला, काम झालं, असं वाटतं. पण हे स्तोत्र सुरू कसं होतं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तिसरं वचन बोलणाऱ्या माणसाला देव जवळ असल्याचं काहीच जाणवत नाहीये. रात्रंदिवस हाक मारून उत्तर नाही. अशा अवस्थेत तो देवाच्या पवित्रतेला घट्ट धरतो. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आली ती याच स्तोत्राची पहिली ओळ. त्याच स्तोत्रातून आपण जोरात गाऊन देवाला खाली आणायची युक्ती काढली, तर मूळ माणसाचं दुःख कुठं गेलं?

आणि स्तोत्र 139 विचारतं, तुझ्या आत्म्यापासून मी जाऊ कुठं? अथेनैत पौल सांगतो की देवाला काही उणं आहे म्हणून तो माणसांच्या हातून सेवा घेत नाही. ओळ अडकते ती इथं.

यावर गिटारवाल्याचा प्रश्न रास्त होता. "मग पवित्र आत्म्याला 'ये' म्हणायचंच नाही का?" का नाही? मंडळीनं आत्म्याला 'ये' म्हणणारं लॅटिन गीत नवव्या शतकापासून गायलंय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटी "ये, प्रभू येशू" अशीच हाक आहे. विनवणी करावी, पदर पसरावा. आमच्या गाण्यामुळे तू येतोस, असा दावा मात्र विनवणीत बसत नाही. ती एक ओळ बदलायची ठरली. बाकी गाणं राहिलं.

(दृश्य: बंद पडलेल्या गिरणीची जुनी भिंत.)

दुसऱ्या गाण्यात भरभराटीचं वचन आहे. यंदाचं वर्ष आशीर्वादाचं, देवाच्या योजना माझ्या हिताच्या. संदर्भ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला, 29:11. हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, रिक्षाच्या मागं असतं. ते कोणाला लिहिलंय? यरुशलेमेतून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना. आणि त्याच्या आधीचंच वचन सांगतं की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं! पत्र वाचणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य तिथंच संपणार होतं. त्यांना सांगितलं गेलं: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

सोलापूरच्या माणसाला हे पत्र समजवावं लागू नये. इथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगारांची घरं वर्षानुवर्षं थकबाकीची वाट बघत राहिली. त्या घरातल्या माणसाच्या तोंडी 'याच वर्षी' हे शब्द घातले आणि वर्ष कोरडं गेलं, तर तो स्वतःच्या विश्वासाला दोष देत घरी जातो. मला या गाण्यांचा राग येतो तो इथं. वचन खोटं ठरत नाही, पण त्याची तारीख आपण ठरवली आणि भार गरिबाच्या खांद्यावर टाकला. पूर्ण यिर्मया 29 गायला मिळालं तर त्याच माणसाला केवढा आधार मिळेल! राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेल्या शद्रख, मेशख व अबेद्नगो यांच्या अग्नीवरही गाणी आहेत. त्यांनी राजाला सांगितलं होतं की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हा दुसरा अर्धा भाग गाण्यांत क्वचितच येतो.

काही आक्षेप मात्र इथं टिकले नाहीत. गाण्यात 'मी-माझं' फार आहे, असं एका काकांचं म्हणणं. पण "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे तेविसावं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'माझं'च आहे. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा येते, हीही तक्रार झाली. स्तोत्र 136 मध्ये सव्वीस वचनं आहेत आणि देवाची दया सनातन आहे हे पालुपद सव्वीस वेळा येतं. फरक एवढाच की तिथं बहुतेक पालुपदांआधी देवानं केलेली एक गोष्ट सांगितली आहे: आकाश, पृथ्वी, मिसरातून सुटका, अन्न. ऐकणाऱ्याला कळतं की दया म्हणजे नेमकं काय घडलं.

जुनी गाणी सगळी चोख आणि नवी सगळी उथळ, हाही एक आवडता समज. टिळकांची पदं एके काळी नवीच होती. जुन्याचाही कागद करावा, त्याच्याही उजव्या बाजूला लिहावं. बिरुया नगरातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं दररोज शास्त्रातून तपासलं, आणि ती हकीकत लिहिणाऱ्या लूकनं त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचं म्हटलंय.

ज्या चर्चची शिकवण पटत नाही, तिथलं बरं गाणं घ्यावं का, यावर इथं एकमत नाही. माझं मत: ओळी खऱ्या असतील तर घ्यावं, पण तरुण मुलांना त्या चर्चबद्दल पाळकांनी मोकळेपणानं सांगावं. गाणं संपलं की फोन त्याच चॅनलचं पुढचं भाषण सुरू करतो.

(दृश्य: महिला मंडळातल्या एक मावशी. हातात जाड अक्षरांचं पवित्र शास्त्र.)

सोलापूर-पुणे लोहमार्गावरच केडगाव आहे. तिथं पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बायकांनाही ते स्वतः वाचून कळावं म्हणून. या मावशींना सूर-ताल कळत नाही असं त्या स्वतः सांगतात, पण संध्याकाळचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांचाच होता. "ज्याच्या घरी परवा माती झाली, त्यानं यातलं काय म्हणायचं?"

पाचही कागद पुन्हा चाळले गेले. आनंद होता, विजय होता, टाळ्या होत्या. त्या माणसासाठी काहीच नव्हतं.

एकेका गाण्याची ओळ तपासताना हे निसटतं. प्रत्येक गाणं खरं असू शकतं आणि वर्षभराची यादी तरीही अपुरी असू शकते. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पापाची कबुली, विलाप, न्याय: देवाच्या लोकांनी हे सगळं गायलंय. प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टिन यानं आपल्या आत्मनिवेदनात लिहिलंय की गायलेल्या गोष्टीपेक्षा गाण्यानंच मन जास्त हललं, तर आपण अपराधी ठरतो. शोकात बसलेल्या माणसाला हलवणारं संगीत आपण देतो, शब्द मात्र देत नाही.

(दृश्य: ढोलकावर पहिली थाप. कोणीतरी कागदावर स्तोत्र 13 उतरवून घेतंय.)

पाचपैकी एक गाणं बाजूला ठेवलं. त्या जागी स्तोत्र 13 घ्यायचं, पेटीवर, संथ. सुरुवातीच्या दोन वचनांत 'किती काळ?' हा प्रश्न चार वेळा येतो. पाचव्या वचनात स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो, सहाव्यात गातो. त्या शेवटच्या वचनांना चाल चढी करायची का, यावर बराच वेळ गेला. मुलांना टाळ्या हव्या होत्या. मावशींचं म्हणणं की सूर तोच राहू दे, परिस्थिती अजून बदललेली नाहीये. पाळकांनी स्तोत्र पुन्हा वाचून बघितलं आणि मावशींच्या बाजूनं कौल दिला. चाल एकच, सहाही वचनं, एकही गाळायचं नाही. साडेआठला तालीम सुरू झाली.