जॉर्ज म्हणजे कुणबी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या नात्यातली एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली. नवरा तिथलाच, इंग्रज. मुलगा झाला तेव्हा जावयाच्या घरून नाव सुचवलं गेलं, जॉर्ज. त्याच्या आजोबांचं नाव ते. इकडे व्हिडिओ कॉलवर मुलीची आजी बसलेली. ती म्हणाली, "नाव छान आहे हो, पण अर्थ काय त्याचा?" जावई बिचारा गोंधळला. "अर्थ? अर्थ असा काही नाही आजी, नाव आहे ते."

हे उत्तर आपल्याकडे कसं खपावं? विक्रम, सुहास, आनंद ही नावं आपण हाक म्हणून वापरतो आणि शब्द म्हणूनही. इंग्रज माणसाला एडवर्ड म्हटलं की एखादा राजा आठवेल, एखादा काका आठवेल, पण त्या नावातून काही ऐकू मात्र येत नाही. अर्थ आहेत, पण ते परक्या किंवा विसरलेल्या भाषांच्या पोटात गेलेत.

आजी काही गप्प बसेना, तेव्हा शोधाशोध माझ्याकडे आली. जॉर्ज हे नाव मूळचं ग्रीक. 'गे' म्हणजे भूमी, 'एर्गॉन' म्हणजे काम. भुईत राबणारा, माती कसणारा. हे सांगितल्यावर आजी लगेच म्हणाली, "म्हणजे कुणबी की!" अगदी बरोबर. त्या हिशेबाने इंग्लंडच्या गादीवर आजवर सहा कुणबी बसून गेले. गंमत म्हणजे संत जॉर्ज हा इंग्लंडचा रक्षक संत, तरी पोरांना हे नाव सर्रास ठेवलं जात नव्हतं. १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज राजा म्हणून आला आणि मग घरोघरी जॉर्ज दिसू लागले.

पण हजार-बाराशे वर्षांमागे इंग्रजांच्याही कानाला नावाचा अर्थ ऐकू येत होता. तेव्हाची नावं दोन शब्द जोडून केलेली. 'एड' म्हणजे समृद्धी आणि 'वर्ड' म्हणजे राखणदार, म्हणून एडवर्ड हा ऐश्वर्याचा राखणदार. 'विन' म्हणजे मित्र, त्यावरून एडविन. ॲल्फ्रेडमधला 'ॲल्फ' हा एक अद्‌भुत योनीतला जीव, आपण यक्ष म्हणू, आणि 'रेड' म्हणजे सल्ला. यक्षांची मसलत लाभलेला तो ॲल्फ्रेड. एथेलरेड नावाच्या राजाच्या नावाचा अर्थ 'थोर सल्ला'. त्याचा कारभार इतका फसला की लोकांनी पुढे त्याला 'अनरेड' हे शेपूट जोडलं, म्हणजे 'सल्ल्याच्या नावाने शून्य'. नावाचा अर्थ कळत असल्याशिवाय अशी कोटी करता येत नाही.

वूस्टरचे बिशप वुल्फस्टन यांचं नाव तर पाहा. अकराव्या शतकातला हा माणूस. आईचं नाव वुल्फगिफू, वडिलांचं एथेलस्टन. आईचा 'वुल्फ' घेतला, वडिलांचा 'स्टन' घेतला. वुल्फ म्हणजे लांडगा, स्टन म्हणजे दगड. झालं बाळ लांडगा-दगड! आईबाबांची अक्षरं जुळवून नाव पाडण्याची हौस आज आपल्याकडेही आहे, आणि अशा नावाचा अर्थ विचारला की आपलीही त्या जावयासारखीच पंचाईत होते.

मग १०६६ साल आलं. नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला, आणि त्याच्या सरदारांबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नावं आली. पुढच्या दोनेकशे वर्षांत जुनी इंग्रजी नावं जवळजवळ पुसली गेली. एडवर्ड टिकला, कारण त्या नावाचा एक राजा संत ठरला होता, आणि तिसऱ्या हेन्रीची त्याच्यावर श्रद्धा म्हणून १२३९ साली त्याने आपल्या मुलाचं नाव एडवर्ड ठेवलं. बाकी सगळा आनंदच. चौदाव्या शतकात निम्म्याहून जास्त पुरुष जेमतेम पाच नावांत मावत होते. त्यातून बाळाचं नाव ठेवायचा मान धर्मपित्याचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याचा, आणि तो बहुधा स्वतःचंच नाव द्यायचा. त्यामुळे एकाच घरात दोन जॉन सुखाने नांदायचे.

आता हाक कशी मारायची? लोकांनी यमकं जुळवली. रॉबर्टचा रॉब, रॉबचा हॉब, डॉब आणि पुढे बॉब. विलचा बिल. रिचर्डचा रिक, रिकचा डिक. हॉबसन, डॉबसन, डिक्सन ही आडनावं तिथलीच.

या जॉनचं मूळ हिब्रू 'योहानान', म्हणजे 'देवाने कृपा केली'. पोर्तुगिजांकडून तोच गोव्यात आला. चोवीस जूनला डोक्यावर फुलांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या घेतात, त्या सांजांव सणाच्या नावातला जांव म्हणजे हाच जॉन.

मध्यंतरी प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या, मंडळींनी नावात अर्थ ठासून भरायचा हट्ट धरला. १६५३ च्या इंग्लंडच्या पार्लमेंटात एक सभासद होते, प्रेज-गॉड बेअरबोन. 'देवाची स्तुती कर' हे त्यांचं पाळण्यातलं नाव. हे फार चाललं नाही. अलीकडे आडनावंच पोरांना ठेवायची टूम आहे. टायलर म्हणजे कौलं बसवणारा, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा, फ्लेचर म्हणजे बाण करणारा. आपण बारशाला 'सुतार' नाव ठेवून पाहावं म्हणजे कळेल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद दिला तो अलेक्झांडरने. नाव ग्रीक. पहिला भाग 'राखणे' या अर्थाचा, दुसरा 'पुरुष' या अर्थाचा. भाषाशास्त्र सांगतं की त्यातला पहिला आपल्या 'रक्ष्' धातूचा भाऊ आणि दुसरा आपल्या 'नर' शब्दाचा. म्हणजे अलेक्झांडर चक्क नररक्षक! फारसीतून येताना त्याचाच सिकंदर झाला, आणि सिकंदर आपल्या गावांतही आहेत. फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा, त्यातला ग्रीक 'हिप्पोस' आणि आपला 'अश्व' एकाच मुळाचे. लुईमध्ये आपला 'श्रुत' लपलाय, नावाजलेला या अर्थाने. रिचर्ड आणि हेन्री यांच्या पोटात जो 'रिक' आहे, तो आपल्या 'राजा'चा नातेवाईक.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगत होतो. ती ऐकत होती, मधूनमधून "हो का?" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "असू दे बाबा जॉर्ज. मी त्याला बंडू म्हणणार."

त्यात गैर काहीच नाही. सहावा जॉर्ज म्हणून १९३६ साली गादीवर बसलेल्या राजाचं पाळण्यातलं पहिलं नाव अल्बर्ट, आणि घरचे त्याला शेवटपर्यंत बर्टीच म्हणत होते.

नमस्कार.